वर्गातील सर्वांत दुर्मिळ वस्तू

कोणत्याही प्राथमिक शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत पाच मिनिटे उभे राहिले, तर तीन प्रकारची मुले नजरेस पडतात. बहुसंख्य मुले आपापल्या घोळक्यात डबा खाण्यात, पकडापकडीत आणि भांडणात दंग असतात. एखाद-दुसरे मूल या घोळक्यांवर धाडी घालीत हिंडत असते. कोणाचा चेंडू पळव, कोणाला ढकलून दे, असा त्याचा उद्योग चाललेला असतो. आणि पायरीच्या कडेला किंवा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी एक मूल एकटेच उभे असते. त्याचा डबा तेथेच उघडतो आणि तेथेच मिटतो. यांपैकी दुसऱ्या मुलाचे नाव शाळेतील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. तिसऱ्याचे नाव पुष्कळदा वर्गशिक्षकालाही हजेरीपुस्तक पाहून आठवावे लागते.

चारचौघांत वावरण्याची कला हा आपल्याकडे शाळेचा विषयच मानला जात नाही. गणित, भाषा आणि परिसर यांची पुस्तके आहेत. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चालू खेळात सामील होण्यासाठी विचारणे, हरल्यावरही मैदानात टिकून राहणे, या गोष्टी 'घरचे संस्कार' या एका सदरात टाकून शाळा मोकळी होत असे. ज्याला त्या येत नसत त्याच्यासाठी छडी होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, म्हणजे त्यातील सतराव्या कलमाने, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अंमलात आला. छडी गेली हे उत्तमच झाले. परंतु तिच्या जागी काय यावयाचे, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. ती रिकामी जागा आता चॉकलेट, वहीवर चिकटवावयाच्या चांदण्या आणि भिंतीवरील गुणांचे तक्ते यांनी भरू लागली आहे. या साधनांच्या मागे वर्तन-परिवर्तनाचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्रातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र चॉकलेट नव्हे. ती निराळीच आहे, आणि तिला पैसाही पडत नाही.

परिणामाचा नियम

या शास्त्राचा उगम साधा आहे. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून त्यांच्या धडपडीचे निरीक्षण केले. योगायोगाने कळ दाबली जाऊन दार उघडले आणि बाहेरचे खाद्य मिळाले, की पुढच्या वेळी मांजर त्या कळीकडे अधिक लवकर वळे. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती बळावते. ज्या कृतीला फळ नाही, ती हळूहळू मावळते. बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकापासून उंदीर आणि कबुतरे यांच्यावरील काटेकोर प्रयोगांतून हाच विचार पुढे नेला. कृती बळावण्याच्या या क्रियेला मराठी मानसशास्त्रात 'प्रबलन' असे नाव रूढ झाले आहे.

उंदराचे नियम मुलाला लावणे ही कल्पना अनेकांना अपमानास्पद वाटली, आणि आजही वाटते. परंतु वर्तनवाद्यांच्या एका प्रश्नाला बगल देता येत नाही. मूल हट्टी आहे, लाजाळू आहे, वांड आहे, असे म्हणताना आपण त्याच्या स्वभावाला दोष देऊन थांबतो. वर्तनवादी विचारतो की, या वागण्यामुळे त्या मुलाच्या पदरात नेमके काय पडते, आणि ते देणारा कोण? हा प्रश्न विचारल्याबरोबर चौकशीचा रोख मुलावरून मोठ्यांवर येतो.

एका बालवाडीतील प्रयोग

हा रोख किती योग्य होता हे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाने दाखवून दिले. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत सव्वाचार वर्षांची एक मुलगी होती. ती हुशार होती. तिची शब्दसंपत्ती आणि हस्तकौशल्य वाखाणण्याजोगे होते. पण इतर मुलांत ती मिसळत नसे. ती शिक्षिकांना जमवलेल्या वस्तू दाखवी, अगदी हलक्या आवाजात बोले, बारीकसारीक खरचटल्याच्या तक्रारी सांगे. शिक्षिका प्रेमळ होत्या. मूल एकटे आहे हे पाहून त्या तिच्याजवळ जात, तिला बोलते करीत, मुलांत जाण्याविषयी समजावीत. निरीक्षकांनी घड्याळ लावून नोंद केली तेव्हा असे आढळले की, ही मुलगी आपल्या वेळेपैकी जेमतेम एक दशांश वेळ इतर मुलांबरोबर आणि सुमारे चाळीस टक्के वेळ मोठ्यांबरोबर घालवीत होती. तिच्या एकटेपणाला शिक्षिकांच्या मायेचाच खुराक मिळत होता.

मग शिक्षिकांनी फक्त एक बदल केला. मुलगी एकटी असेल, किंवा एकट्या शिक्षिकेशी बोलू पाहील, तेव्हा लक्ष कमीत कमी द्यावयाचे. ती दुसऱ्या मुलाजवळ नुसती उभी राहिली तरी तेथे जाऊन कौतुकाचे दोन शब्द बोलावयाचे. हे बोलणेही तिला एकटीला उद्देशून करावयाचे नाही, साऱ्या घोळक्याला उद्देशून करावयाचे. भातुकली चालली असेल तर त्या सर्वांच्या घराचे कौतुक करावयाचे आणि आणखी दोन कप तिच्या हाती द्यावयाचे, म्हणजे शिक्षिकेचे लक्ष मुलांच्या संगतीतूनच तिच्यापर्यंत पोहोचेल. मुलांबरोबरचा तिचा वेळ लवकरच सुमारे साठ टक्क्यांवर गेला. कारण खरोखर हेच आहे काय, हे तपासण्यासाठी काही दिवस पूर्वीची पद्धत परत आणली, तेव्हा मुलगी पुन्हा एकटी पडली. नवी पद्धत सुरू करताच ती पुन्हा मुलांत गेली. पुढे लक्ष देण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले. शेवटी शिक्षिकांना विशेष काही करावे लागेना.

या प्रयोगात चॉकलेट नाही, चांदणी नाही, शिक्षाही नाही. शिक्षिकांनी नवे काही दिले नाही. जे त्या देतच होत्या त्याचे वाटप बदलले. अर्थशास्त्रात ज्या वस्तूचा पुरवठा मर्यादित आणि मागणी अमर्याद असते तिला दुर्मिळ म्हणतात. वर्गात फळा, खडू, पुस्तके यांची उणीव असू शकते. पण वर्गातील सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे शिक्षकाचे लक्ष. ते कोणाला मिळते? आपल्या बहुतेक वर्गांत ते, लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला माल मिळावा तसे, सर्वांत मोठा दंगा करणाऱ्याला मिळते. रागावणे हेही लक्षच असते. ज्या मुलाकडे कोणी पाहत नाही, त्याला चाळीस मुलांसमोर आपल्या नावाचा पुकारा होणे हा तोटा वाटेलच असे नाही. शिक्षक ज्याला शिक्षा समजतो ते मुलाच्या हिशेबात मिळकतीच्या बाजूस जमा झालेले असते.

येत नसेल तर बक्षीस कशाचे?

तथापि लक्षाच्या वाटपाने सर्व काही साधते असेही नव्हे. एखादे मूल खेळात शिरू इच्छीत नाही आणि एखाद्याला खेळात कसे शिरावे हेच उमगत नाही, या दोन अवस्था बाहेरून सारख्या दिसल्या तरी मुळात भिन्न आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याला पलीकडच्या काठावरील बक्षीस दाखवून काय उपयोग?

या दुसऱ्या अवस्थेवरचा उपाय आल्बर्ट बांडुरा यांच्या अनुकरणविषयक संशोधनातून पुढे आला. १९६९ मध्ये रॉबर्ट ओकॉनर यांनी बालवाडीतील अबोल मुलांना २३ मिनिटांचा एक बोलपट दाखवला. त्यात एक मूल दुरून इतरांचा खेळ पाहते, हळूहळू जवळ जाते, सामील होते आणि त्याचे स्वागत होते, असे प्रसंग होते. काय चालले आहे हे सांगणारा आवाज पार्श्वभूमीला होता. तशाच अबोल मुलांच्या दुसऱ्या गटाला डॉल्फिनांचा बोलपट दाखवला. पहिल्या गटातील मुले नंतर मिळूनमिसळून वागू लागली. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. यातून मिळणारा बोध असा की, सामाजिक कौशल्य हे इतर कौशल्यांसारखे पायऱ्या पाडून, करून दाखवून आणि सरावाने शिकवता येते. 'जा, खेळ त्यांच्यात' ही आज्ञा झाली, शिकवणे नव्हे.

वर्गाचा खेळ

पण एका मुलासाठी अनेक शिक्षिका असलेली विद्यापीठीय बालवाडी कोठे आणि एका शिक्षकाचा भरगच्च वर्ग कोठे? या आक्षेपाला १९६९ मध्येच कॅन्सस विद्यापीठाच्या परिसरातून एक उत्तर मिळाले. हॅरिएट बॅरिश, म्युरिएल साँडर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी चौथीच्या २४ मुलांच्या एका वर्गात 'चांगल्या वागणुकीचा खेळ' सुरू केला. वर्गाचे दोन संघ केले. गणिताच्या तासाला कोणी विनापरवानगी बोलले किंवा जागेवरून उठले की त्याच्या संघाच्या नावे फळ्यावर एक खूण पडे. ज्या संघाच्या खुणा कमी तो विजयी; आणि दोन्ही संघांच्या खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या तर दोन्ही विजयी. जेवणाच्या रांगेत पहिला मान, दिवसाच्या अखेरीस अर्धा तास मोकळा वेळ, अशी बक्षिसे होती; म्हणजे शाळेत जे होतेच तेच. निरीक्षणाच्या एकेका मिनिटाच्या कालखंडांपैकी पूर्वी ९६ टक्के कालखंडांत होणारी बडबड १९ टक्क्यांवर आणि ८२ टक्के कालखंडांत होणारी उठबस ९ टक्क्यांवर आली.

या खेळाची दुसरी बाजूही संशोधकांनी दडवली नाही. दोन मुलांनी आपण खेळणारच नाही असे जाहीर केले. त्यांच्यामुळे साऱ्या संघाला भुर्दंड पडू नये म्हणून त्यांना संघातून वेगळे काढावे लागले. गटाच्या दडपणाचे बळ मोठे असते, पण ज्याला गटात आणावयाचे तोच गटाबाहेर फेकला जाण्याचा धोकाही त्यातच असतो.

पुढे १९८५-८६ मध्ये बाल्टिमोर शहरातील १९ सार्वजनिक प्राथमिक शाळांत शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ पहिली-दुसरीच्या वर्गांत मोठ्या प्रमाणावर राबवला, आणि त्या मुलांचा एकोणीस ते एकवीस वर्षांच्या वयापर्यंत माग ठेवला. पहिलीत जे मुलगे विशेष आक्रमक होते, त्यांच्यापैकी या वर्गांतून गेलेल्यांत तरुणपणी अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचे आणि समाजविघातक वर्तनाचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षांच्या वयात वर्गात घडणाऱ्या गोष्टीचे पडसाद इतक्या दूरवर उमटावेत, ही लहान गोष्ट नव्हे. त्याचबरोबर, दुसऱ्या वर्षीच्या मुलांत हा लाभ बराच क्षीण ठरला; त्या वर्षी शिक्षकांना मिळणारे मार्गदर्शन आणि पाठबळ कमी झाले होते. तंत्र कागदावर तेच राहिले तरी ते राबवणाऱ्याला वाऱ्यावर सोडले की फळ बदलते.

बिल्ल्यांचे चलन

आता चॉकलेट आणि चांदण्या यांच्याकडे वळू. त्यांचे शास्त्रीय घराणे मनोरुग्णालयातले आहे. इलिनॉय राज्यातील ॲना येथील सरकारी मनोरुग्णालयात तिओदोरो आयलॉन आणि नेथन अझरिन यांनी रुग्णांना कामाबद्दल बिल्ले देण्याची आणि त्या बिल्ल्यांवर आवडीच्या वस्तू व सवलती विकत घेऊ देण्याची पद्धत बसवली. तिचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आला. अशा व्यवस्थेला त्यांनी 'बिल्ल्यांची अर्थव्यवस्था' असेच नाव दिले. ते केवळ आलंकारिक नव्हते. अशा रुग्णालयांत किमती बदलून मागणीचा सिद्धांत पडताळून पाहण्याचे काम अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये खरोखरच केले.

पण चलन म्हटले की चलनाचे सारे गुणदोष आले. चांदण्या सढळ हाताने वाटल्या की त्यांची किंमत उतरते. पुरेशा साठल्या की आणखी मिळवण्याची गरज उरत नाही. आणि सर्वांत गंभीर बाब ही की, जी गोष्ट मूल आनंदाने करीत होते तिला दर लावला की ती मजुरी होते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रे काढण्याची आवड असलेली ५१ मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले व तसे ते दिले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगाच्या लेखण्या नुसत्या ठेवून दिल्या, तेव्हा आधी सौदा ठरलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली.

दंडाचीही तीच कथा. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांपैकी सहांनी मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटे. आता त्यांनी ती सेवा विकत घेतली होती. दंड रद्द केल्यावरही संकोच परत आला नाही. उरी निझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांचा हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मैत्री, मदत आणि भिडस्तपणा या गोष्टी बाजारभावाने मोजल्या की त्या एकदा जातात आणि सहजी परतत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे.

याचा अर्थ बक्षीस सर्वथा त्याज्य, असा काढणे मात्र घाईचे होईल. हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा आढावा घेऊन, आधी जाहीर केलेली वस्तुरूप बक्षिसे आंतरिक ओढ घटवतात असा निष्कर्ष काढला. त्याआधी १९९४ मध्ये जुडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी ही भीती अतिरंजित असल्याचे मत मांडले होते. व्यवहारी तारतम्य सांगते ते इतकेच: जेथे ओढ आहे तेथे बक्षीस लावू नये, जेथे ओढ निर्माणच झालेली नाही तेथे पहिले पाऊल टाकण्यापुरते ते चालेल. इमारत उभी राहिली की परांची उतरवावयाची असते. ती तशीच ठेवून कोणी गृहप्रवेश करीत नाही.

शांतता कोणासाठी?

याहूनही मूलगामी आक्षेप रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंकलर यांनी १९७२ मध्ये घेतला. वर्गातील वर्तन-परिवर्तनाचे तोवरचे प्रयोग तपासून त्यांनी विचारले की, या सर्व तंत्रांचा वापर मुलांना गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक करण्यासाठीच का होत आहे? सर्वच अभ्यास तसे नाहीत, असे उत्तर डॅनियल ओलिअरी यांनी त्याच वर्षी दिले. तरी तो प्रश्न आपल्या शाळांना आजही लागू आहे. गप्प बसलेला वर्ग म्हणजे मिळूनमिसळून वागणारा वर्ग नव्हे. पायरीवर बसलेले ते एकटे मूल तर गुणांच्या तक्त्यावर सर्वांत वर असावयाचे, कारण ते कोणालाच त्रास देत नाही. ज्या तक्त्यावर एकाकीपणाला पूर्ण गुण पडतात, तो तक्ता मुलाची सोय पाहत नसून शाळेची सोय पाहत असतो.

मुलांच्या संदर्भात बक्षिसाच्या पोकळपणाची जाणीव वर्तनवादाहूनही जुनी आहे. रोममधील आपल्या बालगृहाच्या आरंभीच्या दिवसांत मारिया माँटेसरी यांनी पाहिले की, एका मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवले होते आणि दुसऱ्याच्या छातीवर बक्षिसाचा क्रूस लटकत होता. कामात गढलेल्या त्या दुसऱ्या मुलाचा क्रूस खाली पडला, तो शिक्षा झालेल्याने उचलला. आणि मालकाने तो बेफिकिरीने त्यालाच घालू दिला. एकाला बक्षिसाची किंमत नव्हती, दुसऱ्याला शिक्षेची. महाराष्ट्राला हा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यामुळे परिचित झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते १९५७ मध्ये कोसबाडला नेले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना आमिष दाखवले नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. वागणूक बदलावयाची तर आधी परिस्थिती बदलून पाहावी, हे तत्त्व वर्तनशास्त्रही मानते. बोर्डीने ते शास्त्राचे नाव न घेता आचरून दाखवले.

हिशेब शिक्षकाचाही

या साऱ्याचा भार अखेर शिक्षकावर पडतो, हे विसरून चालणार नाही. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण आहे. त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका या कामांसाठी शिक्षकाला वर्गाबाहेर नेण्याची मुभा देते. त्याचे लक्ष दुर्मिळ आहे असे म्हणावयाचे आणि तेच इतरत्र खर्ची घालावयाचे, ही उधळपट्टी होय. बाल्टिमोरचा दुसऱ्या वर्षीचा अनुभव येथे आठवावा.

तरीही जे आहे त्याचे वाटप सुधारण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मुख्याध्यापकाने आठवडाभर एखाद्या वर्गात अधूनमधून बसून एवढीच नोंद करावी की, शिक्षकाने कोणाचे नाव किती वेळा आणि कशासाठी उच्चारले. दंगा थांबवण्यासाठी उच्चारलेली नावे एका रकान्यात आणि कोणी कोणाला पेन्सिल दिली, खेळात घेतले, पडलेल्याला उठवले म्हणून उच्चारलेली नावे दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना भरलेला, दुसरा रिकामा आणि वर्गातील काही नावे दोन्हींत नाहीत, असे आढळले तर दोष मुलांच्या स्वभावात शोधण्याचे कारण उरत नाही.

पायरीवर बसलेल्या मुलाला बक्षीस नको आहे, आणि उपदेश तर त्याने पुष्कळ ऐकला आहे. शेजारी डबा उघडून बसलेले दुसरे मूल त्याला हवे आहे. शिक्षकाने त्या दोघांजवळ क्षणभर थांबावे, दोघांशी मिळून दोन शब्द बोलावेत, आणि तेथून निघून जावे. ते निघून जाणे हाच या शास्त्राचा सर्वांत अवघड भाग आहे.